मराठी वाचायला शिकणाऱ्या मुलासाठी पहिलं पुस्तक कुठलं घ्यायचं?

जानेवारी २०२५ मध्ये 'असर'चा अहवाल आला. असर म्हणजे 'प्रथम' संस्थेचा तो सर्व्हे, ज्यात गावोगावी घरोघर जाऊन मुलांच्या हातात एक छोटा मजकूर देतात आणि वाच म्हणतात. त्यातला एक आकडा सगळीकडे फिरला: देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, आणि ही म्हणे सुधारणा, कारण २०२२ ला तो १६.३ होता. मग एप्रिल ते जून आपल्याकडे महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून वाद पेटला, शेवटी २९ जूनला सरकारने त्याबद्दलचे दोन्ही जीआर मागे घेतले, पण तोवर सहा वर्षांच्या मुलाने किती भाषा आणि किती लिप्या शिकायच्या यावर प्रत्येकाने आपापलं मत देऊन टाकलेलं होतं.

या सगळ्या गदारोळात आईबाबांचा व्हॉट्सॅप ग्रुपवरचा प्रश्न मात्र साधा असतो. मुलगी साडेचार-पाच वर्षांची आहे, शाळा इंग्लिश मीडियम, मराठी वाचायला घरीच शिकवायचंय, कुठलं पुस्तक चांगलं? त्यावर धडाधड दहा-पंधरा नावं येतात, त्यात अंकलिपीही असते, भिंतीवरचा चार्टही असतो आणि कुणाच्या तरी मावशीने भेट दिलेला जाडजूड गोष्टींचा संचही असतो, आणि विचारणारी आई 'थँक्यू ऑल' म्हणून आणखी गोंधळते. कारण ही सगळी वेगवेगळ्या कामाची पुस्तकं आहेत, आणि कुठलं पुस्तक कुठल्या कामाचं ते कुणीच सांगत नाही. तेवढंच इथे सांगायचा प्रयत्न करते.

वाचन म्हणजे एक काम नाही, दोन आहेत

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोन संशोधकांनी १९८६ साली एक सोपी मांडणी केली, जी आजही वाचनावर बोलणारे लोक वापरतात. वाचून समजणं हा गुणाकार आहे. एक संख्या म्हणजे छापलेल्या खुणा बघून त्यांचा आवाज जुळवता येणं, याला म्हणतात डीकोडिंग, मी पुढे 'अक्षर जुळवणं' म्हणेन. दुसरी संख्या म्हणजे ती भाषा ऐकून समजणं. बेरीज नाही, गुणाकार, म्हणजे दोन्हीपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच.

खरं वाटत नसेल तर नेपाळी वर्तमानपत्राचं पान उघडून बघा. लिपी आपलीच, तुम्ही पहिल्या ओळीपासून खडखडीत मोठ्याने वाचू शकाल आणि पान संपल्यावर काय वाचलं ते नीट सांगता येणार नाही. उलट, चार वर्षांचं पोर आजीकडून अर्धा तास गोष्ट ऐकतं, मध्येच 'पण तो राक्षस मगाशी तर मेला ना?' असं विचारून आजीला पकडतं, म्हणजे समजण्याच्या बाजूला ते पक्कं आहे, पण त्याला 'क' वाचता येत नाही.

आता यावरून पुस्तकांचे सरळ दोन ढीग होतात. पहिल्या ढिगातली पुस्तकं मुलाने स्वतः अक्षरं जुळवत वाचायची, ही सरावाची पुस्तकं. दुसऱ्या ढिगातली आपण वाचून दाखवायची, त्यात कितीही मोठे शब्द असले, कितीही जोडाक्षरं असली तरी चालतं, कारण तिथे कष्ट आपला घसा करतो आणि मुलाची भाषा वाढते. पोळ्या करताना मूल मध्ये मध्ये करायला लागलं की आपण त्याला कणकेचा चिमुकला गोळा देतो ना, ते त्याची नकाशासारखी पोळी लाटतं आणि खूश होतं, पण त्या पोळीवर त्याचं पोट भरेल असं आपण धरत नाही, जेवायला आपण केलेलं असतंच. सरावाचं पुस्तक म्हणजे तो चिमुकला गोळा आणि वाचून दाखवायची गोष्ट म्हणजे जेवण.

गडबड कुठे होते, तर आपण सुंदर चित्रांचं गोष्टीचं पुस्तक आणतो आणि पाच वर्षांच्या मुलापुढे ठेवून 'वाच' म्हणतो. त्याला जमत नाही, आपण वैतागतो, आणि मग ते पुस्तक बघितलं की मूल टॉयलेटला पळतं.

मराठीत शिकायचं नक्की किती असतं

इंग्लिशची पुस्तकं विकणाऱ्यांनी फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवणं, हा शब्द इतका फिरवलाय की मराठीलाही तेच सूत्र लावायला लोक बघतात. पण दोन्हीकडची अडचण वेगळी आहे. इंग्लिशमध्ये खुणा कमी, २६, पण त्यांचे आवाज बेभरवशाचे. मराठीत आवाज बऱ्यापैकी भरवशाचे पण खुणा पुष्कळ. क पासून ज्ञ पर्यंत ३६ धरली आणि प्रत्येकाची बाराखडी केली तर ४३२ रूपं झाली, अजून जोडाक्षरं यायचीच आहेत. अर्थात कोणी ४३२ पाठ करत नाही, मात्रेची युक्ती कळली की पुढचं आपोआप सुटतं, पण ती युक्ती कळायला वेळ लागतो. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये मराठी आणि कन्नड वाचनाचा तीन वर्षं चाललेला अभ्यास झाला होता, त्याचा अहवाल २०१७ ला आला, त्यातही हेच दिसलं की तिसरी संपत आली तरी बरीच मुलं मात्रा आणि जोडाक्षरांतच अडकलेली आहेत आणि शाळेची पुस्तकं मात्र कधीच पुढे निघून गेलीयत.

आपल्याला मोठ्यांना जे दिसतच नाही असं बरंच काही मुलाला अडवतं. 'किती' हा शब्द घ्या. वेलांटी कागदावर आधी येते आणि तोंडातून नंतर. डावीकडून उजवीकडे वाचायचं असं आपणच सांगितलेलं, आणि पहिल्याच शब्दात ते मोडतं. 'अंडं' घ्या, दोन टिंबं आहेत, पहिल्याचा आवाज नाकातून येतो आणि दुसरं टिंब नुसता अ लांबवतं. 'सर्कस, चक्र, ट्रक, दुसऱ्या' या चारही शब्दांत र आहे आणि चारही ठिकाणी तो वेगळा दिसतो. चहाचा च आणि चाकाचा च लिहायला एकच. हे सगळं मूल हळूहळू पचवतं, मराठी घरात बोललं जात असेल तर फारसं न सांगताच पचवतं कारण शब्द त्याने ऐकलेला असतो, 'चाक' चुकीच्या च ने उच्चारलं की त्याला स्वतःलाच ते विचित्र वाटतं. पण हे सगळं एकाच पानावर पहिल्याच दिवशी समोर आलं तर कुणीही हात टेकेल.

म्हणून सरावाच्या पुस्तकाची खरी परीक्षा एकच: मुलाला येणारी अक्षरं आणि मात्रा सोडून त्यात आणखी किती काय काय आहे.

'लेव्हल १' लिहिलंय म्हणजे सोपंच असेल ना?

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. पुस्तकावर लेव्हल असते ती बहुतेक वेळा शब्दसंख्या आणि वाक्यांची लांबी बघून ठरवलेली असते. प्रथम बुक्सची 'स्टोरीवीव्हर' ही साइट २०१५ पासून आहे, तिथे मराठीत ढीगभर गोष्टी फुकट वाचता आणि डाउनलोड करता येतात, आणि मी ती प्रत्येकाला सुचवते. तिथली पहिली लेव्हल साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १५०० पर्यंत. पण अडीचशेपेक्षा कमी शब्दांच्या गोष्टीत 'स्वयंपाक', 'वाढदिवस', 'म्हणाली', 'प्राण्यांच्या' हे सगळं येऊ शकतं. त्यात बऱ्याचशा गोष्टी दुसऱ्या भाषांमधून अनुवाद झालेल्या. मूळ इंग्लिश वाक्यात तीन-तीन अक्षरांचे शब्द असतील, मराठीत येताना त्याचं 'मांजराच्या' आणि 'टेबलाखाली' होतं. अनुवाद करणाऱ्याची चूक नाही त्यात, मराठी तशीच आहे.

म्हणजे लेव्हल १ ची गोष्ट वाचून दाखवायला मस्त. मुलाने स्वतः वाचायला कदाचित मस्त, कदाचित डोकेदुखी, ते पान उघडल्याशिवाय कळत नाही. वयाच्या शिक्क्याचंही तेच, '३+' हे बहुतेकदा गोष्टीच्या विषयाबद्दल असतं, लिपीबद्दल नाही.

मग दुकानात उभ्या उभ्या बघायचं काय

मधलं कुठलंही एक पान उघडा. पहिलं पान बघू नका, पहिलं पान सगळ्यांचंच सोपं असतं. त्या पानावर मुलाला न येणाऱ्या किती खुणा आहेत ते बघा. मुलाला फक्त बिनमात्रेची अक्षरं आणि काना येतो असं धरू. तर या प्रकारचा मजकूर त्याला स्वतःला जमेल:

हा चहा मामाचा. मामा झाडावर चढला. चहा गार झाला. काका हसला.

काना सोडून यात एकही मात्रा नाही, आणि तरी काहीतरी घडतंय, काका का हसला यावर मूल तुमच्याशी पाच मिनिटं बोलू शकतं. हे मुद्दाम दाखवतेय कारण बरेच लोक म्हणतात की इतक्या कमी अक्षरांत फक्त 'बदक बघ, गवत बघ' असंच लिहिता येतं. येतं त्याहून बरं, फक्त लिहिणाऱ्याने थोडं डोकं लावायला हवं. काही पुस्तकांत ते लावलेलं असतं, काहींत सरळ शब्दांची यादी वाक्य म्हणून छापलेली असते. मुलं बरोबर ओळखतात.

माझा अंदाज असा की एका पानावर दोन-तीनपेक्षा जास्त ठिकाणी मूल थांबत असेल तर ते पुस्तक अजून त्याचं नाही, वाचून दाखवायच्या ढिगात टाका, चार-सहा महिन्यांनी परत काढा.

मात्रांचा क्रम कुठला? काना आधी, यावर फारसं दुमत नाही, तो अक्षराच्या पुढे येतो आणि आवाज पण नंतर येतो. मग दुसरी वेलांटी, मात्रा, काना-मात्रा. पहिली वेलांटी मी जरा मागे ठेवेन, वर सांगितलेल्या उलट्या प्रकारामुळे. उकारातलं ऱ्हस्व-दीर्घ वाचताना फार छळत नाही, लिहिताना छळतं, आणि ते तर मोठ्यांनाही छळतं.

अक्षरांचा क्रमही 'क ख ग घ' असाच पाहिजे असं नाही. आपल्यातले बरेच जण 'ग म भ न' पासून शिकलेत, कारण त्या अक्षरांची वळणं एकमेकांसारखी आहेत, एक गिरवता आलं की दुसरं येतं. घरी शिकवताना आणखी एक विचार करता येतो, ज्या अक्षरांतून पटकन शब्द बनतात ती आधी घ्यायची. ङ आणि ञ साठी थांबायचं काही कारण नाही, मूल कॉलेजला गेलं तरी त्यांच्यावाचून अडणार नाही.

जोडाक्षरांचं मात्र मराठीत एक वेगळंच आहे. लोक म्हणतात जोडाक्षरं शेवटी. पण आपल्या भाषेत 'माझ्या, त्याला, तुझ्या, म्हणाला, होत्या' याशिवाय चार वाक्यं सरळ बोलता येत नाहीत, विभक्ती लागली की 'या' येऊन चिकटतोच. म्हणून हे पाच-सात शब्द लवकर, अख्खेच्या अख्खे ओळखायला शिकवून टाकायचे, आणि 'ष्ट, द्ध, ह्म, क्त' असली मंडळी खुशाल मागे ठेवायची. सरावाचं पुस्तक बघताना 'त्याला' दिसलं म्हणून ते बाजूला ठेवू नका, 'शुद्ध' आणि 'ब्राह्मण' दिसलं तर ठेवा.

छपाईकडेही बघा, हे फार कुणी सांगत नाही. स्वस्त चार्ट आणि पुस्तकं पुष्कळदा हिंदीच्या फॉन्टमध्ये छापलेली असतात, त्यातला ल आणि श आपल्या वळणाचा नसतो. मोठ्यांना फरक पडत नाही, पण नुकतंच ल शिकलेलं मूल त्या दांडीवाल्या ल कडे बघून 'हे काय?' विचारतं, आणि ते बरोबरच विचारतं. आकड्यांमध्ये पण ५, ८, ९ ची वळणं बघून घ्या. जोडाक्षरं पण दोन तऱ्हेने छापतात, बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात 'विद्‌यार्थी' असा द चा पाय मोडलेला दिसेल आणि बाहेरच्या पुस्तकात 'विद्यार्थी'. दोन्ही चालतं, पण सुरुवातीला घरात एकच प्रकार असला तर बरं. अक्षर मोठं हवं, दोन शब्दांत नीट जागा हवी, आणि मजकूर चित्रावर छापलेला नको. हिरव्या झाडावर पांढऱ्या अक्षरांत छापलेली वाक्यं ज्याने डिझाइन केली त्याला एकदा पाच वर्षांच्या मुलासोबत बसवलं पाहिजे.

अंकलिपी मग फेकून द्यायची का?

नाही हो. अंकलिपी स्वस्त असते, स्टेशनरीच्या कुठल्याही दुकानात मिळते, अक्षर कसं दिसतं ते बघायला आणि गिरवायला उपयोगी आहे. फक्त ते वाचायचं पुस्तक नाही. 'ई ईडलिंबूचा' म्हणणाऱ्या मुलाने ईडलिंबू बघितलेलं नसतं आणि बहुतेक वेळा आईनेही नसतं, मग ते मूल चित्र बघून 'ई लिंबाचा' म्हणतं आणि आपण त्याला चूक ठरवतो. अक्षराच्या ओळखीसाठी घरातली नावं आणि वस्तू वापरा, आ आईचा, द दाराचा, ब बशीचा.

आणि अंकलिपी पूर्ण झाल्याशिवाय, म्हणजे अ ते ज्ञ आणि सगळी बाराखडी पाठ झाल्याशिवाय पुस्तकच हातात द्यायचं नाही, हा जो नियम बऱ्याच घरांत असतो तो मला पटत नाही. सात-आठ अक्षरं आणि काना आला की शब्द वाचता येतात, शब्द वाचता आले की वाक्य येतं. बाराखडी सुरात म्हणता येणारी आणि तरी 'काका' वाचता न येणारी मुलं पुष्कळ आहेत, कारण त्यांनी ते गाणं म्हणून पाठ केलेलं असतं, क पासून कः पर्यंत एका दमात. मधलाच 'के' दाखवला की परत क पासून सुरुवात.

चित्र बघून सांगतो, पाठ झालंय म्हणून सांगतो, हे वाचन आहे का?

अजून वाचन नाही, पण वाईटही नाही. तीन-चार वर्षांचं मूल पुस्तक उलटं न धरता, पानं उलटत, बोट फिरवत पाठ झालेली गोष्ट 'वाचतं' तेव्हा ते पुस्तक कसं चालतं हे शिकत असतं. टोकू नका.

पण सरावाच्या वेळी अडलेला शब्द चित्र बघून ओळख असं आपण सांगायचं नाही. चित्रात घोडा आहे आणि शब्द 'शिंगरू' आहे, मूल 'घोडा' म्हणून पुढे गेलं तर त्याने अक्षरांकडे बघितलंच नाही. इंग्लिश वाचनात या अंदाज लावण्याच्या पद्धतीवरून अमेरिकेत अनेक वर्षं मोठी भांडणं झाली, आणि सन २००० मध्ये तिथल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं की अक्षर आणि आवाजाचं नातं पद्धतशीर शिकवलेलं फायद्याचं ठरतं. ते इंग्लिशबद्दल होतं, पण आपल्या लिपीत तर आवाज आणखी भरवशाचा, मग अंदाज कशाला लावायचा. 'शिं, मग ग, मग रू, काय झालं?' एवढं विचारायचं. तिसऱ्यांदा अडलं तर सरळ सांगून टाकायचं आणि पुढे जायचं, परीक्षा नाहीये.

ओळखायची एक सोपी युक्ती आहे. तोच शब्द पुस्तकाबाहेर, कोऱ्या कागदावर लिहून दाखवा. वाचला तर येतोय, नाही तर पाठ आहे.

इंग्लिश मीडियमला आहे, दोन लिप्यांचा गोंधळ नाही होणार?

थोडा होतो. मूल एबीसी आणि अआइ दोन्हीत धडपडतं तेव्हा आईबाबा घाबरून एक बंद करतात, आणि बंद होते ती मराठीच, हे बघून मला दरवेळी वाईट वाटतं. खरं तर मूल घरी मराठी बोलत असेल तर गुणाकारातली एक संख्या मराठीत आधीच मोठी आहे, इंग्लिशमध्ये ती छोटी आहे. 'चहा गार झाला' जुळवल्यावर त्याच्या डोक्यात लगेच कप दिसतो, इंग्लिश शब्द जुळवल्यावर पुष्कळदा काहीच दिसत नाही, आणि आवाज जुळवून अर्थ निघतो ही गंमत ज्या भाषेत पटकन कळते तिथेच आधी कळू द्यावी. एकदा ती कळली की दुसऱ्या लिपीत तीच पुन्हा शिकावी लागत नाही, नवीन खुणा तेवढ्या शिकायच्या.

एक करता येईल. दोन्हीकडचं नवीन अक्षर एकाच दिवशी नको, आणि शाळेचा अभ्यास संपवून दमलेल्या मुलापुढे रात्री नऊला मराठीचं पुस्तक तर अजिबात नको. रात्रीची वेळ वाचून दाखवायची, सरावाला दहा मिनिटं सकाळची किंवा सुट्टीची.

परदेशात आहोत, किंवा घरी बोलतो ती मराठी पुस्तकातली नाही

परदेशातल्या मुलांचं उलटं असतं. शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत जाऊन ती अक्षरं पटापट शिकतात, 'गवताच्या गंजीवर कोंबडी बसली' सुरेख जुळवतात, आणि गंजी म्हणजे काय माहीत नाही, कारण ती बघितलेली नाही आणि शब्दही ऐकलेला नाही. इथे सरावाची पुस्तकं आणखी आणून काही होत नाही. गुणाकारातली दुसरी संख्या वाढवायला लागते, म्हणजे वाचून दाखवणं, व्हिडिओ कॉलवर आजोबांनी गोष्ट सांगणं, मराठीत भांडणं सुद्धा. पुस्तकं निवडताना त्यांच्या रोजच्या आयुष्यातली निवडा, बस, बर्फ, बागेतली घसरगुंडी, आणि गावाची पुस्तकं मांडीवर घेऊन वाचायला ठेवा.

बोलीचा प्रश्न महाराष्ट्रातच मोठा आहे. खानदेशात, विदर्भात, कोकणात, आदिवासी पाड्यांवर घरात बोलली जाणारी भाषा पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी असते, कधी थोडी, कधी पूर्णच. मूल 'तिकडे' वाचून 'तिकडं' म्हणालं तर ते बरोबर वाचतंय आणि समजतंय. प्रत्येक वेळी थांबवून पुस्तकातला उच्चार करायला लावला तर त्याचं अर्ध लक्ष गोष्टीवरून उडतं. वाचून दाखवताना तर तुम्ही खुशाल आपल्या बोलीत सांगा, पुस्तक काही तक्रार करत नाही.

फुकट मिळतं तर छापील कशाला?

स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत, डाउनलोड करून छापून घेतल्या तरी चालतं, बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात आणि 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन आहेत, ते वाचून दाखवायला खजिना आहे. वाचून दाखवण्यासाठी टॅबलेट चालेल, मूल मांडीवर असेल तर. पण सरावाला कागद हवा, कारण मुलाचं बोट अक्षराखाली फिरायला लागतं आणि स्क्रीनवर बोट फिरवलं की पान उडतं. गोष्टी आपोआप वाचून दाखवणारी ॲप्स ऐकायला छान आहेत, पण ॲप वाचतं तेव्हा मूल ऐकतं, त्याला सरावात धरू नका.

विकत घ्यायची तर नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, एकलव्य, प्रथम बुक्स, तूलिका यांची यादी बघा, यांच्याकडे चित्रं आणि मजकूर दोन्हीवर विचार केलेली मराठी पुस्तकं मिळतात, त्यातली बरीच खिशाला परवडतात. एका वेळी सरावाची दोन-तीनच घ्या. मूल तेच पुस्तक दहा वेळा वाचायला मागत असेल तर वाचू द्या, सराव म्हणजे तेच. वाचून दाखवायची मात्र जितकी मिळतील तितकी, लायब्ररीतून, शेजाऱ्यांकडून, रद्दीच्या दुकानातून.

पाच वर्षांचा झाला तरी वाचत नाही

शेजारच्या मुलीचे व्हिडिओ बघणं बंद करा आधी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या निपुण भारत योजनेत पहिलीसाठी जी अपेक्षा ठेवलीय ती आहे चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचता येणं, आणि बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधी, दोन-तीन अक्षरी शब्द. मिनिटाला ४५ ते ६० शब्द ही दुसरीची गोष्ट. पाच वर्षांचं मूल गोष्टी ऐकतंय, 'पाणी'ची सुरुवात कुठल्या आवाजाने होते ते सांगतंय, चार-सहा अक्षरं ओळखतंय, तर ठीक चाललंय. पहिली संपत आली, रोज थोडा सराव होतोय आणि तरी अक्षरं अजिबात डोक्यात राहत नाहीत, किंवा ऐकून सुद्धा गोष्ट समजत नाही, तर मात्र पुस्तकं बदलत बसू नका, आधी कान आणि डोळे तपासून घ्या आणि शाळेशी बोला.

आणि हवं तसं पुस्तक मिळालंच नाही तर

तर घरी करा, खरंच. मराठीत येणाऱ्या अक्षरांनुसार पायरीपायरीने चढत जाणारी पुस्तकं इंग्लिशच्या मानाने कमीच आहेत, दोन-तीन पायऱ्यांनंतर तुटवडा जाणवतोच. चार कोरे कागद मधोमध दुमडून स्टेपल करायचे, एका पानावर एक वाक्य, जाड स्केचपेनने, शिरोरेघ सरळ. चित्रं मुलाने काढायची. मजकूर घरातलाच, 'बाबा दमला. बाबाला ताक हवं.' असली वाक्यं मुलांना फार आवडतात, त्यात बाबाची जरा फजिती असेल तर आणखी.

फक्त एक अडचण येईल. त्या पुस्तकात मुलाला स्वतःचं नाव हवं असतं, आणि हल्लीच्या पोरांची नावं बघा, अद्वैत, स्वरा, ऋग्वेद, क्षितिजा, सगळी जोडाक्षरांची. तरी नाव घालाच. ते नाव त्याला दप्तरावर, डब्यावर, बाटलीवर बघून चित्रासारखं पाठ असतं, त्यामुळे वाचताना तिथे ते अडकत नाही. द आणि व एकमेकांत कसे घुसलेत ते दाखवायला नंतर वेळ आहे.